हुतात्म्याचं उपरणं

१

पौनीकरांच्या घरी पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी हुतात्म्याची गोष्ट यायची. शालिकराम ती सांगायचा, आणि फार रंगवून सांगायचा. बेचाळीसच्या ऑगस्टात आपला बाप, देवाजी पौनीकर, हातमाग सोडून मोर्च्यात कसा पुढं झाला, भर बाराला गोळी कशी सुटली, प्रेत नाल्याच्या पुरात कसं वाहून गेलं आणि अख्ख्या कोष्ट्यांच्या मोहल्ल्यानं रिकामी तिरडी खांद्यावर घेऊन कशी मिरवणूक काढली. तेव्हा शालिकराम चार वर्षांचा होता, म्हणजे त्याला आठवत काहीच नव्हतं. पण ज्यांच्या घरात नाव मोठं असतं त्यांना आठवायची गरज पडत नाही. त्यांच्यासाठी गाव आठवत असतं.

सक्करदऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या चौकाला देवाजीचं नाव होतं. चौकात सिमेंटच्या चबुतऱ्यावर त्याचा अर्धपुतळा होता, वर छोटी छत्री. फोटो नव्हताच, म्हणून मूर्तिकारानं घरच्यांना विचारून विचारून तोंड घडवलं होतं. मोहल्ल्यातले म्हातारे म्हणायचे, तोंडाचं काही खरं नाही, पण आवाज ऐकायचा असेल तर पोराला बोलतं करा. बापाचा आवाज जसाच्या तसा पोराच्या गळ्यात उतरला आहे. हे ऐकलं की शालिकराम उगीचच खाकरायचा. महापालिकेत तो साधा कारकून, पण साहेब त्याला खुर्ची द्यायचे. मागाला मात्र त्यानं कधी हात लावला नाही. तुटलेल्या सुताला साधी गाठ मारायची तरी त्याची बोटं अडखळायची, आणि हुतात्म्याच्या मुलानं पुन्हा खड्ड्यात पाय घालून विणत बसावं असं कोणाला वाटतही नव्हतं.

अनुसया उमरेडच्या विणकराची मुलगी. सहा वर्षांपूर्वी ती या घरात सून होऊन आली तेव्हा माहेरच्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस. तिलाही तसंच वाटलं. रेशनच्या रांगेत लोक "हुतात्म्याची सून" म्हणून पुढं सारायचे, आणि तीही, खोटं कशाला बोला, सरकायची.

घरची एक रीत होती. दरवर्षी हौतात्म्याच्या दिवशी पुतळ्याच्या खांद्यावर नवं उपरणं पडायचं, पांढरं, लाल काठाचं. ते सासूबाई, म्हणजे देवाजीची बायको जिजाबाई, पुढच्या खोलीतल्या मागावर स्वतः विणायच्या. शालिकराम शिडीवर चढून जुनं काढायचा, नवं घालायचा. जुनं उपरणं जिजाबाई पदराखाली धरून घरी आणायच्या, मागच्या न्हाणीत जायच्या, आतून कडी लावायच्या, धुवायच्या, आतच वाळवायच्या आणि पेटीत ठेवून कुलूप लावायच्या. पहिल्या वर्षी अनुसयानं हात पुढं केला होता. "आना आत्याबाई, मी धुते." जिजाबाईंनी असं पाहिलं की तिनं पुन्हा नाव काढलं नाही.

पण बहात्तर साली जिजाबाईंच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि उपरणं वीतभर विणून मागावर तसंच राहिलं. हौतात्म्याच्या दिवसाच्या आदल्या सकाळी पुतळ्याला रंग द्यायचा म्हणून रंगाऱ्यानं जुनं उपरणं उतरवलं. शालिकरामनं ते आणून दोरीवर फेकलं. जिजाबाई हिरव्या पट्टीखाली डोळे मिटून पडल्या होत्या. अनुसयानं उपरणं उचललं आणि न्हाणीत नेलं. काम ते काम, त्यात सांगायचं काय?

बाहेरची बाजू हवी तशीच होती. धूळ, कबुतरांची विष्ठा, उन्हानं विटलेला लाल काठ. तिनं ते उलटं केलं आणि साबणाचा हात तसाच राहिला.

आतल्या बाजूला, मान येते तिथं, मळाचं तपकिरी कडं होतं. शालिकरामच्या शर्टांच्या कॉलरी घासून घासून तिच्या हातांना तो मळ पाठ होता. तो धुळीचा नव्हता. घामाचा होता. तिनं कापड नाकाशी नेलं. घाम, आणि त्यात सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास, विणकराच्या अंगाला जन्मभर चिकटून राहणारा.

एका टोकाला कापड फाटलं होतं, आणि ते कोणीतरी रफू केलं होतं. धाग्याशी धागा असा बेमालूम जोडलेला की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

२

अनुसया डोक्यानं चालणारी बाई होती. ती स्वतःशीच म्हणाली, असेल कोणी वेडा, रात्री चबुतऱ्यावर निजत असेल आणि थंडीत तेच पांघरत असेल. रफूचं काय? वेड्यालाही शिवता येत असेल. तरी तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. दुपारी पान आणायचं निमित्त करून ती चौकात गेली.

पुतळ्यासमोर ताराचंदचा पानठेला होता, वीस वर्षांपासूनचा.

"भाऊ, पुतळ्यापाशी कोनी झोपते का?"

"नाही वं वहिनी. कुत्रं नाही झोपत तिथी." ताराचंदनं पानाला चुना लावला. "दुपारचं तर मीच तिकडं तोंड करून बसत नाही."

"काहून?"

"ऊन लागते," तो म्हणाला. ढग इतके दाटले होते की ठेल्यावरचा दिवा लागलेला होता. मग पुडी बांधता बांधता, वर न पाहता तो म्हणाला, "उपरनं कधी राह्यते पुतळ्यावर, कधी नाही राह्यत. मले वाटे, तुमच्याच घरचं कोनी घेऊन जात असंल."

संध्याकाळी शालिकराम आला तो हवेत तरंगतच आला. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून उद्या मोठा कार्यक्रम होता. धरमपेठचे वकील दत्तोपंत स्मारक समितीचे अध्यक्ष, त्यांनी पुतळ्यासाठी जरीची शाल दिली होती. अनुसयानं त्याच्यासमोर उपरण्याचं रफू धरलं.

"हे पाहा जी. हे कोनं केलं?"

"उंदरानं," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. "अवं, उद्या पेपरवाले येऊन राहिले, अन् तू चिंध्या काय दाखवून राहिली मले?"

आतून जिजाबाईंचा आवाज आला. "शालिक, शालीच्या खाली एक उपरनं टाक बापा. कसंही विनलेलं असो, पन नवं अन् घरच्या मागावरचं टाक."

"माय, फोटोत कसं दिसंन ते?"

"दिसू दे कसंही."

"या वर्षी शालच," शालिकराम म्हणाला. तो आईवर कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही. पण विषय संपला.

३

सकाळी आठालाच तो निघाला. धुवट धोतर, नवे तपकिरी सँडल, डोक्याला माक्याचं तेल इतकं की उंबऱ्यापर्यंत वास. "बाराले शाल टाकाची हाये, गोळी सुटली त्याच वेळेले," तो म्हणाला. "रेडिओसारखं ऐकू येईन तुम्हाले घरी, भोंगा इकडंच बांधला हाये." अनुसया दारात उभी राहून तो वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली. तिला उगीचच वाटलं की त्याला परत बोलवावं.

मग तिनं सासूच्या कमरेची किल्ली मागितली. जिजाबाईंनी कारण न विचारता ती काढून दिली.

पेटीत वीस-पंचवीस उपरणी होती. सगळ्यांच्याच आत मानेचं कडं होतं, धुऊन फिकं पडलेलं. जवळजवळ प्रत्येकावर रफू होतं, एकाच हाताचं.

"आत्याबाई, हे कोन वापरते?"

जिजाबाई भिंतीला टेकून बसल्या. हिरव्या पट्टीमुळं त्यांचे डोळे दिसत नव्हते, आणि अनुसयाला ते बरंच वाटलं.

"गोळी सुटली त्याच्या चौथ्या वर्षी," त्या म्हणाल्या. "असंच दुपारचं. मी मागावर बसली होती. दारात कोनी तरी म्हने, पानी दे वं. मले आवाज वळखू आला. नानाजी दारात गेले." नानाजी म्हणजे देवाजीचे थोरले भाऊ, घरचे कर्ते. "म्हनाले, माह्या भाऊ मेला. आमी जाळला त्याले."

"प्रेत तर भेटलंच नव्हतं ना?"

"दर्भाचा देह केला होता. त्याले अग्नी देला, तेरवी केली, सारा मोहल्ला जेवला. जाळलेल्या मानसाले घरात कसं घ्याचं, सांग? अन् चौकाले नाव पडलं होतं. लोकं माह्या पाया पडून राहिले होते, अनुसये. माह्या!"

"अन् तुम्ही?"

"मी माग थांबवला नाही."

बाहेर कोणाचा तरी रेडिओ लागला आणि बंद झाला.

"तो म्हने, आंगावर टाकाले तरी काही दे. मी मागावरचं कापड कापलं अन् खिडकीच्या गजातून देलं. तोंड नाही पाह्यलं मी. दुसऱ्या वर्षी त्याच दिवशी ते कापड गजाले बांधून होतं, मळलेलं. म्हनून नवं ठेवलं. पुतळा झाला तवापासून पुतळ्यावर टाकते, तिथून नेते तो."

"मंग जिते हायेत ते?"

"जिता असता तर साठीच्या वर असता." जिजाबाईंनी हात पुढं करून पेटीतलं कापड चाचपलं. "रफू पाह्यलं ना तू? म्हाताऱ्या डोळ्याचं हाये का हे?"

अनुसयानं विचारलं, "कधी उपरनं चुकलं होतं?"

"एकदा. मी तापानं पडली होती. बाराले दारात आला, पानी मांगाले. नानाजी चिडून दार उघडाले गेले."

नानाजी रामटेकच्या जत्रेत हरवले, असं या घरात सांगत असत. अनुसयानंही ते पाहुण्यांना कितीदा तरी सांगितलं होतं.

"पेटीतलं एखादं नेऊन टाकते मी," ती म्हणाली.

"दोनदा पांघरलेलं नाही चालत. नवंच लागते. बाराच्या आंत विन. अन् दार लाव."

४

अनुसयानं कडी लावली आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडले. ताणा चढवलेलाच होता, वीतभर कापड झालेलं. सहा वर्षांत तिनं माग चालवला नव्हता, पण पायाखालच्या पावड्या दाबल्या आणि अंगाला सगळं आठवलं. धोटा इकडून तिकडं, फणीचा ठोका, धोटा तिकडून इकडं. तिला वेळ पुरणार होता. पुरायलाच हवा होता. कापड झालं की कापायचं, पळत चौकात न्यायचं, आणि शालिकराम रागावला तर रागावू दे, त्याच्या हातून शालीच्या आधी ते पुतळ्यावर टाकायचं. तिला हुतात्म्याचं काही पडलं नव्हतं. तिला तिचा नवरा संध्याकाळी घरी यायला हवा होता, उंबऱ्यात तेलाचा वास घेऊन.

अकरापर्यंत निम्मं झालं. भोंग्यातून देशभक्तीची गाणी यायला लागली. मग भाषणं. सुट्टीचा दिवस, मोहल्ल्यातले सगळे माग बंद, सगळी माणसं चौकात. गल्लीत फक्त तिच्या फणीचा ठोका होता.

बाराला दहा कमी असताना भोंगा म्हणाला, "आता हुतात्म्यांचे चिरंजीव शालिकरामजी पुतळ्याला शाल अर्पण करतील." टाळ्या पडल्या. हातभर कापड राहिलं होतं. अनुसया दातओठ खाऊन पावड्या दाबत होती.

टाळ्या थांबल्या. भोंग्यात नुसती घरघर.

आणि दारावर थाप पडली.

"पानी दे वं."

शालिकरामचा आवाज. तिचे पाय थबकले.

"थांबू नको," जिजाबाई कुजबुजल्या. त्या भिंतीला इतक्या चिकटल्या होत्या की जणू भिंतीतच जायचं होतं. "तोच हाये. बापलेकाचा आवाज एक हाये. थांबू नको."

बरोबर होतं. शालिकराम चौकात होता, आत्ताच तर त्याचं नाव पुकारलं. धोटा गेला, फणी ठोकली.

"अनुसये, दार उघड. मी हाये वं." थाप, आणि पुन्हा थाप. "जुनं उपरनं दे ते. लवकर दे, अनुसये!"

उपरणं मागतोय. म्हणजे तोच. धोटा गेला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय चालूच होते.

तेवढ्यात भोंगा खरखरला. दत्तोपंतांचा आवाज होता, जरा गोंधळलेला. "शालिकरामजी कुठं आहेत? शालिकरामजींनी कृपया चबुतऱ्यापाशी यावं." आणि जरा थांबून, "कोणी त्यांना पाहिलं का?"

मागावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीच्या जवळ असते. अनुसयानं मान वाकवली. दाराची खालची फळी कुजलेली होती, चार बोटांची फट. फटीत नवे तपकिरी सँडल दिसले, दाराला अगदी खेटलेले, चवड्यांवर उभे.

त्यांच्या मागं अनवाणी पाय होते. तरुण माणसाचे, चिखलानं माखलेले. अंगठे पावड्या दाबून दाबून बाहेर वाकलेले, जसे तिच्या बापाचे होते, जसे प्रत्येक विणकराचे असतात. ते मुळीच हलत नव्हते.

"पाय किती हायेत वं?" जिजाबाईंनी विचारलं.

"चार."

जिजाबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो अनुसयानं माणसाच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता.

उठायचं होतं. खड्ड्यातून पाय काढायचे, चार पावलं टाकायची, कडी काढायची. पण पाय तिला विचारत नव्हते. ते आपले पावड्या दाबत राहिले. धोटा आणखी सात वेळा गेला. बाहेर शालिकराम एकदाच "माय" म्हणाला, लहान पोरासारखा.

मग ती उठली आणि तिनं दार उघडलं. उंबऱ्यावर जरीची शाल पडली होती, घडी न मोडलेली. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती.

५

पोलिसांनी विहिरी पाहिल्या, सक्करदऱ्याच्या तलावात गळ टाकले. पेपरात मोठे मथळे आले. ताराचंद म्हणाला, नाव पुकारायच्या जरा आधी, सगळ्यांचं लक्ष भाषणाकडं असताना, शालिकराम शिडीवर चढला, पुतळ्याच्या मानेकडं पाहून तसाच खाली उतरला आणि घराकडं धावत सुटला.

"एकटेच होते का?" अनुसयानं विचारलं.

ताराचंद पानाचे देठ खुडत राहिला. "मांगं कोनी तरी होतं. मले वाटलं, तुमच्याच घरचं हाये."

तो गेला त्याच संध्याकाळी तिनं राहिलेलं कापड पुरं केलं होतं आणि खिडकीच्या गजाला बांधलं होतं. सकाळी ते नव्हतं.

दोन वर्षांनी चौकातल्या वाचनालयाला शालिकरामचं नाव दिलं. दत्तोपंत स्वतः घरी आले आणि फार मायेनं म्हणाले, आता दर्भाचा देह करून क्रियाकर्म उरकून घ्यावं, मृतात्म्याला शांती मिळेल. अनुसयानं त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि हात जोडले. "गवताचा मानूस मी जाळू देनार नाही. जाळलं की दार बंद होते," ती म्हणाली. दत्तोपंतांना वाटलं, दुःखानं बाई भ्रमिष्ट झाली. जिजाबाई त्याच पावसाळ्यात गेल्या.

अनुसया अजून त्याच घरात राहते. पाहुण्यांना ती आधी पाणी देते, आणि गोष्ट सांगत नाही. रोज बाराला दार सताड उघडं ठेवते, उंबऱ्यावर तांब्या ठेवते. कोणी येत नाही. उघड्या दारात ते येत नसावेत.

दरवर्षी ती दोन उपरणी विणते. एक पुतळ्यावर, एक गजाला. पहिल्या वर्षी गजावरचं परत आलं, तेव्हा तिनं न्हाणीची कडी आतून लावली आणि ते उलटं केलं. मानेच्या कड्याला माक्याच्या तेलाचा वास होता. ती खूप वेळ तोंड कापडात खुपसून बसली.

मग तिनं ती जागा शोधली, जिथं त्या दुपारी ती थांबली नाही. सात धागे सैल पडले होते, कोणत्याही विणकराला दिसावेत असे. तिथं कोणीतरी सुई चालवून ते आवळले होते. पहिल्या तीन धाग्यांवरचं काम बेमालूम होतं, पेटीतल्या हाताचं. पुढचे चार वेडेवाकडे, गाठी पडलेले. कधी सुई न धरलेल्या माणसाला कोणी शेजारी बसवून शिकवावं तसे.

आता त्या दुपारला दहा वर्षं झाली. यंदाचं उपरणं परवा परत आलं. अनुसयानं रफूवर बोट फिरवून पाहिलं. त्याचा हात बराच सुधारला आहे.